पोस्टरवरचे केस

बाबा, काल तुमची तेरवी झाली. भिलाईत, रिसालीच्या घरासमोर मांडव होता, पंगती वेळेवर उठल्या आणि वांग्याची भाजी तुम्हाला आवडायची तशीच जहाल तिखट झाली होती. शांताआत्या वर्ध्याहून आलेली आहे. आज निघते, उद्या निघते म्हणत तिने तीनदा पिशवी भरली आणि तीनदा रिकामी केली. स्टील प्लांटमधले तुमचे सोबती साहूजी रोज सकाळी येतात, तुमच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात आणि घरी जातात. सगळं रीतसर चाललंय. फक्त मला तुमच्या फोटोसमोर उभं राहवत नाही. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर लाज जास्त आहे.

फोटोत तुम्ही मिशीसकट आहात. आत्यानेच निवडला तो. दुसरा एक फोटो होता, सहा वर्षांपूर्वीचा, आई गेल्यानंतर पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. तो तिने माझ्यासमोर धरला, माझ्याकडे पाहिलं आणि कपाटात परत ठेवला.  

तुमची मिशी ही आपल्या घरातली चौथी व्यक्ती होती. आधीच्या, सेक्टर दहाच्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला आरसा अडकवून तुम्ही रविवारी तिची मशागत करायचात. छोटी कात्री, छोटा कंगवा, खोबरेल तेलाचं एक बोट. तेवढा वेळ घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, हात हलला तर काय घ्या! आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "मी लग्नात पयले मिशी पाह्यली बाप्पा, मानूस मांगून दिसला." आणि तुम्ही आरशातूनच उत्तर द्यायचात, "मंग आवडलं कोन?" ती आत निघून जायची आणि आतून हसण्याचा आवाज यायचा.

मी आज स्टेजवर एकटा उभा राहून दीड तास लोकांना बसवून ठेवतो. मुलाखतीत विचारतात, कुठे शिकलात? मी वर्कशॉपची नावं सांगतो. खरं तर मी जेवणाच्या पाटावर शिकलो. तुम्ही प्लांटच्या रूळ मिलमधून आलात की गोष्ट यायचीच. तापलेला रूळ रोलरखालून निघताना वरची पापडी कशी उडते, त्या उडालेल्या पापडीने एकदा तुमची अर्धी मिशी कशी जाळली, ती झाकायला तुम्ही तोंडाला रुमाल लावून कसे हिंडलात, साहेबाला वाटलं दात दुखतोय आणि त्याने तुम्हाला कसं जबरदस्तीने दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. "डाक्टर म्हने तोंड उघडा. आता मी मिशी झाकू का तोंड उघडू?" एवढं म्हणून तुम्ही वरणाची वाटी उचलायचात आणि सावकाश प्यायचात. आम्ही हसून हसून आडवे व्हायचो, आणि तुम्ही वाटी खाली ठेवायच्या आधी पुढचं वाक्य कधीच बोलायचा नाहीत. हसणं संपेपर्यंत थांबायचं, हे मला तुम्ही न शिकवता शिकवलंत. आणखी एक गोष्ट मात्र मी शिकलो नाही. तुमच्या सगळ्या गोष्टींत फजिती तुमचीच असायची. दुसऱ्याची फजिती करून तुम्ही घरात एकदाही हशा पिकवला नाहीत.

माझ्या धंद्यावरून आपलं भांडण होतं, ते तसंच राहिलं. हथखोजला तुमच्या ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची जागा होती आणि मी ती घेतली नाही. "लोकाईले हासवून कोनाचं पोट भरलं बे?" तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, "बाबा, मी हसवत नाही, मी पुरुषांच्या दुःखाबद्दल बोलतो." तुम्ही माझ्याकडे असे बघायचात की जणू मी तापात बडबडतोय. "दुःख हाय तं घरी बोल नं. तिकीट लावून कावून बोलून राहिला?" याचं उत्तर मी नेहमी मोठ्या आवाजात दिलं. 

आता ते, जे मी सहा वर्षं टाळलं.

आई गेली त्याच्या दहाव्या दिवशी आपण शिवनाथ नदीच्या घाटावर होतो. आपल्यात मुलाने डोक्यावरचे केस आणि मिशी काढायची, नवऱ्याने काढायची गरज नसते, हे मला तेव्हा आत्याकडूनच कळलं. न्हावी पाट टाकून बसला होता. माझे केस तेव्हा खांद्यापर्यंत होते, तुम्ही त्यांना "तुयं बाभुयबन" म्हणायचात. मी न्हाव्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, मागची एक बट काप, बाकी राहू दे. आत्याने ते ऐकलंच. ती ओरडली, "माय गेली याची अन् केसाइले जपून राहिला!" सगळा घाट वळून बघायला लागला. तुम्ही पाण्यातून वर आलात, धोतर गुडघ्याला चिकटलेलं. "काय झालं बे?"

मी म्हणालो, "बाबा, शनिवारी बंगळूरला शो आहे. पोस्टरवर केस आहेत माझे."

हे वाक्य मी बोललो, बाबा. आईच्या दहाव्याला, सगळ्यांच्या देखत. वाक्य विसरायला मी पुष्कळ प्रयत्न केले, पण ते जसंच्या तसं लक्षात आहे, आणि ते बोलताना माझा हात केसांवर होता हेही.

तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर मी कदाचित बसलोही असतो. तुम्ही पाटावर जाऊन बसलात. न्हाव्याला म्हणालात, "त्याचे राहू दे. माये काढ. मिशी बी." आत्या रडायला लागली, "दादा, बायकोसाठी नवरा मिशी देत नाई रे, लोकं काय म्हनतीन?" तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "म्हनू दे." साहूजी तुमच्या मागे उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. मी पाहिलं सगळं. पस्तीस वर्षांची मिशी एका मिनिटात गेली, आणि खाली जो ओठ निघाला तो मी आधी कधी पाहिलाच नव्हता. पांढरा होता.

शनिवारी मी बंगळूरला गेलो. शोच्या आधी एका सोबतच्या कलाकाराने सहज विचारलं, "अरे, तुम लोगों में मुंडन नहीं होता क्या?" मी हसण्यावारी नेलं. पण स्टेजवर गेल्यावर मला वाटलं समोरचा प्रत्येक जण माझे केसच बघतोय. आणि माझ्या तोंडून निघालं की मी तर तयार होतो हो, आमच्याकडे बापच अडला. न्हावी वस्तरा घेऊन आला तर माझ्या बापाने दोन्ही हातांनी मिशी धरली आणि म्हणाला, "बीबी भगवान ले गया, मूँछ तू ले जाएगा?" त्या गडबडीत माझे केस काढायचे राहूनच गेले.

लोक आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले. असं गप्प होणं कमवायला आमच्या धंद्यातल्या माणसांची उमर जाते. मला ते एका खोट्या वाक्यावर मिळालं. मी ते सोडलं नाही. पुढच्या शोला ते वाढलं, त्याच्या पुढच्या शोला त्यात तुमची चाल आली, तुमचा आवाज आला. मग तोच शोचा शेवट झाला. मिशीला चिकटून बसलेला, बायकोसाठी रडू न शकणारा प्लांटमधला बाप, आणि त्याला समजून घेणारा, माफ करणारा मुलगा. शो संपला की मोठमोठे बाप्ये माझ्या गळ्यात पडून रडायचे, घरी जाऊन वडिलांना फोन करायचे. कोणीतरी लिहिलंही, की हा माणूस स्वतःला सोलून दाखवतो. सोलले गेलात तुम्ही, आणि टाळ्या मी घेत होतो.

त्या दिवसांत मी तुम्हाला व्हिडिओ कॉल करायचो तेव्हा स्क्रीनवर फक्त तुमचं कपाळ दिसायचं. "बाबा, फोन खाली धरा," मी सांगायचो. तुम्ही "हाव हाव" म्हणायचात आणि परत कपाळच. मी त्याचाही किस्सा केला. सगळ्यांचे आईबाप असाच फोन धरतात, म्हणून लोक खूप हसायचे. तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी साहूजी पेपर घडी करता करता बोलले, "तुम्हारे पिताजी को फोन पकड़ना आता था बेटा. मुँह छुपाते थे. तीन महीना ड्यूटी में भी मुँह पे हाथ रख के बात किए. मिल में जवान लड़के पूछते थे ना, कि औरत के लिए मूँछ कौन कटाता है." मी साहूजींना विचारलं, तुम्ही मला कधी सांगितलं का नाही? ते म्हणाले, "उन्होंने मना किया था." पेपर टेबलावर ठेवला आणि गेले.

म्हणजे मी तुमच्या कपाळावर हसवत होतो तेव्हा तुम्ही माझ्यापायी उघडा पडलेला ओठ माझ्यापासूनच लपवत होतात.  

आणि तो भिलाईचा शो. मी तुम्हाला टाळत होतो, ते तुम्हाला कळलं असणारच. "बाबा, हिंदीत आहे, कॉलेजच्या पोरांसाठी आहे, तुम्ही कंटाळाल." तुम्ही "बरं" म्हणालात आणि साहूजींना घेऊन आलात. मला स्टेजवरून तिसऱ्या रांगेत आधी मिशी दिसली. परत वाढलेली, पूर्वीपेक्षा पांढरी, कात्रीने नीट केलेली. माझ्यासाठी नीट केलेली! शेजारी साहूजी, जे घाटावर होते, ज्यांना सगळं ठाऊक होतं.

शेवट यायला तेव्हा तासभर अवकाश होता. म्हणजे विचार करायला मला तासभर मिळाला, बाबा. तेवढा भाग गाळता आला असता. दुसरा शेवट माझ्याकडे होता. पण तो इतका चांगला जात नसे.

मी तो भाग केला. दोन्ही हातांनी मिशी धरली, तुमच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. साहूजी अर्धे उठले होते, आणि तुम्ही त्यांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलंत, ते मला दिसलं. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी तुम्हाला ओळखलं, माना वळल्या. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही सगळ्यांसमोर मिशीला पीळ दिलात. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. माझ्या शोला तसा शेवट परत कधी मिळाला नाही. मला त्या क्षणी हायसं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचा अभिमान वाटला, एखाद्या चांगल्या सहकलाकाराचा वाटावा तसा.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तुमच्या बोलण्याची वाट बघत उभा होतो. तुम्ही बशीत चहा ओतून म्हणालात, "आवाज मांगपर्यंत येऊन राहिला होता." आणि मग, "सुरवातीले तुया मायचा आवाज बरोबर काढला."

मी म्हटलं, "बाबा, ते मिशीचं..."

"काय मिशीचं? हासले नं लोकं?"

"हो."

"मंग झालं तं."

तेवढंच. मी त्यावेळी ते माफी समजून घेऊन टाकलं. सोयीचं होतं ना. तुमची वाक्यं मी नेहमीच माझ्या सोयीने घेतली. आता वाटतं, तुम्ही मला तिथे एक जागा करून दिली होती. मी फक्त "बाबा, मी चुकलो" म्हणायचं होतं, आणि मी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

आत्याने परवा सांगितलं की तिने तुम्हाला फोन करून खूप सुनावलं होतं. तिच्या सुनेने मोबाइलवर माझा व्हिडिओ दाखवला होता. "दादा, हा खोटं बोलून राहिला जगासमोर, तू गप कावून?" तर तुम्ही म्हणालात, "पोट्ट्याचा धंदा हाय थो. तू मधात नको येऊ." रिसालीला तुम्ही रिटायर झाल्यावर आलात, इथे तुम्हाला बिनमिशीचं कोणी पाहिलंच नव्हतं; त्यानंतर गल्लीत कोणी चिडवलं की तुम्ही स्वतःच सांगायचात, "हाव, मीच नाई देल्ली मिशी. आवडते मले." दुसऱ्यावर हशा ओढायला तुम्हाला कधी जमलं नाही, आणि माझ्यासाठी खोटी फजितीसुद्धा तुम्ही स्वतःच्याच अंगावर घेतलीत. तुम्ही माझ्यावर एवढं प्रेम केलंत हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या थोड्या शब्दांत करत होतात की मी मोजमापच चुकलो.

तुमच्या दहाव्याला मी कोणी न सांगता पाटावर बसलो. डोकं, दाढी, मिशी, सगळं. न्हावी दुसरा होता. मी डोळे मिटले, कारण तुम्ही मिटले होते. हात फिरवून पाहिला तर वरचा ओठ गार लागला. आणि तेव्हा गल्लीतले एक गृहस्थ, भले आहेत, माझे व्हिडिओ बघतात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "देखो भाई, बाप ने नहीं दी थी, बेटे ने दे दी. बेटा बाप से बढ़के निकला."

लोकांनी माना डोलावल्या. आत्या माझ्याकडे बघत होती. साहूजी बघत होते. ती दोघं मी खरं सांगायची वाट बघत होती. मी तीन पावलं पाण्यात उतरलो आणि डुबकी मारली. डुबकी मारायची तेव्हा काही गरज नव्हती, बाबा. मी लपलो.

म्हणून मी ठरवलं होतं की तेरवीला सांगायचं. पंगती व्हायच्या आधी, सगळे बसलेले असताना. कोणीतरी म्हणणारच होतं, तू कलाकार आहेस, दोन शब्द बोल. म्हणालेच. तुमचा फोटो भिंतीपाशी टेबलावर, हार घातलेला. मी त्याच्या पुढ्यात उभा राहिलो, लोकांकडे तोंड करून. आत्याने पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "वो मूँछ वाला किस्सा आप सबने सुना है. वो झूठ है."

मागे कोणीतरी हसलं. मला वाटलं, अजून कळलं नसेल. मी पुढे गेलो. "मूँछ बाबूजी ने दी थी. अपनी ख़ुशी से दी थी, जब कि देनी नहीं थी. दी मैंने नहीं. मैं नाई को कोने में ले गया था." आता दहाबारा जण हसत होते, चांगल्या मनाने, मला धीर द्यायला हसतात तसे. मी आवाज खाली आणला. मला खरंच वाटलं होतं की आवाज खाली आणला की ते थांबतील. "बाबूजी ने पूछा, क्या हुआ? पता है मैंने क्या कहा? माँ के दसवें पर? मैंने कहा, पोस्टर पर बाल हैं मेरे."

सगळा मांडव हसला, बाबा. बायका हसल्या, आचारी झारा हातात घेऊन हसला. गल्लीतली म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. गेल्या तेरा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं, आणि त्यांना वाटलं मी त्यांच्यावर उपकार केले. आत्या हसली नाही. साहूजी दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले होते.

मी ओरडायला हवं होतं, की हे खरं आहे, हसू नका. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण हसणं चालू होतं, आणि मी ते संपायची वाट बघत थांबलो. मुद्दाम नाही. मला दुसरं येतच नाही. ते थांबेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि पहिली पंगत बसायला उठली होती.

तेव्हा मी हात जोडले आणि कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला, शो संपल्यावर करतो तसा. तुम्ही माझ्या पाठीशी होतात.